वस्तीकडचं दार आणि चौथी दुरुस्ती

संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण घटनेची मूलभूत संरचना मोडता येत नाही, हे वाक्य मी गेली बावीस वर्षं पाटोद्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात फळ्यावर लिहितो आहे. काळा फळा जाऊन हिरवा आला, हिरवा जाऊन पांढरा आला, वाक्य तेच राहिलं. राज्यशास्त्र हा विषय आमच्याकडे मुलं बहुतेक दुसरं काही मिळालं नाही म्हणून घेतात, त्यामुळे मी उदाहरण सोपं देतो. घराचं माळवद काढून स्लॅब टाकता येतो, चुलीच्या जागी गॅस येतो, न्हाणी आत घेता येते. एवढं केलं तरी घर तेच. पण पाया उकरला तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. मुलं 'पाया' या शब्दाखाली रेघ मारतात, परीक्षेत तेवढंच लिहितात, आणि मी तेवढ्यालाच मार्क देतो.

याच बावीस वर्षांत मी स्वतः चार घटनादुरुस्त्या लिहिल्या. देशाच्या नव्हे, आमच्या गावच्या वाचनालयाच्या. चारही सर्वानुमते मंजूर झाल्या. पहिलीचा मला अभिमान आहे, मधल्या दोन चालून जातील. चौथी सांगायची आहे म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव पाटोद्यापासून एसटीने अर्ध्या तासावर. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, गाव आणि बौद्ध वस्ती यांच्या बरोबर मधे. माझे वडील आणि एक प्राथमिक शिक्षक, या दोघांनी ते काढलं. जागा वडिलांची, पुस्तकं, खटपट आणि डोकं गुरुजींचं. गुरुजी वस्तीतले. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. मला बाराखडी त्यांनीच शिकवली, त्यामुळे आज माझ्या नावापुढे कितीही पदव्या लागल्या तरी त्यांच्यासमोर माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

खोलीला दोन दारं. एक गावाच्या गल्लीत उघडणारं, दुसरं वस्तीत. कोणी म्हणेल, म्हणजे ज्याचं त्याचं दार झालं. नेमकं ते होऊ नये म्हणून गुरुजींनी संस्थेच्या घटनेत दुसरं कलम घातलं: 'वाचनालयाला दोन दारे राहतील, वाचनाच्या वेळेत दोन्ही उघडी राहतील, आणि कोणीही कोणत्याही दाराने येईल.' नोंदणीचे कागद वाचून कोणीतरी वडिलांना विचारलं होतं म्हणे, "दारांचं कलम हाय, मग खिडक्यांचं कुठंय?" वडील ही गोष्ट हसून सांगायचे. गुरुजी हसायचे नाहीत.

उद्घाटनाच्या दिवशी गुरुजी गल्लीच्या दाराने आत आले आणि वडील वळसा घालून वस्तीच्या दाराने. तो दिवस सव्वीस जानेवारीचा होता, आणि तेव्हापासून गावात तशी रीतच पडली. झेंडावंदन झालं की वस्तीतली माणसं गल्लीच्या दाराने आत जाणार, आणि गावातली माणसं विहारासमोरून, नळाच्या कडेने, लोकांच्या अंगणांतून वळसा घालून वस्तीकडच्या दाराने. दोन्हीकडून आलेले लोक खोलीत समोरासमोर यायचे, राज्यघटनेचा सरनामा म्हटला जायचा, मग चहा आणि चिवडा. माझ्या लहानपणी आमच्या भावकीतले काही म्हातारे वर्षातून त्या एकाच दिवशी वस्तीत पाऊल टाकत. नाक मुरडत टाकत, पण टाकत. कारण चिवडा आत होता.

वडील गेल्यावर अध्यक्षपद माझ्या चुलतभावाकडे आलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आम्ही म्हणतो म्हणून अर्धा तालुकाही म्हणतो. दादा राजकारणातले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी शब्द टाकला होता. कुठे टाकला, कोणाकडे टाकला, मला अजून माहीत नाही. टाकला होता, याची आठवण ते मला वर्षातून दोनदा करून देतात. मी सचिव झालो. राज्यशास्त्र शिकवतो म्हणजे कायद्याची भाषा येते असा गावाचा समज, आणि तो मोडण्याइतका मी नम्र कधीच नव्हतो.

पहिली दुरुस्ती: कार्यकारिणीत किमान दोन महिला असतील. पंचायतीत बायकांना जागा देणारी देशाची त्र्याहत्तरावी दुरुस्ती मी त्याच सुमारास शिकवत होतो. उत्साहाच्या भरात आमच्याकडेही करून टाकली. दादा म्हणाले, "घ्या दोन. फोटोला बरं दिसंल." दुसरी: कार्यकारिणीची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. दादांना सारखी निवडणूक नको होती, मला सारखे कागद नको होते.

तिसरी जरा समजावून सांगावी लागेल. वार्षिक सभेला ठरावीक संख्येने सभासद हजर नसतील तर सभा तहकूब होते, असं मूळ घटनेत होतं. आमच्याकडे सभेला कोणी येत नाही, त्यामुळे ती दरवर्षी तहकूब व्हायची. मी लिहिलं: 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' हे काही मी शोधलं नाही, अशा वाक्यांवर किती संस्था चालतात. पण त्याची आमच्या गावात एक पद्धत बनून गेली. अकराची सभा म्हटलं की अकराला कोणीच यायचं नाही. सगळे साडेअकराची वाट बघत समोरच्या हॉटेलात चहा प्यायचे. साडेअकराला चार-सहा जण येऊन बसले की सभा कायदेशीर. ज्यांना यायचं नसे त्यांच्या घरी इतिवृत्ताची वही सहीसाठी जायची. ठरावाखाली मी लिहायचो: सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे.

चौथी दुरुस्ती एका कपाटाने आणली.

दादांनी आपल्या वाढदिवसाला वाचनालयाला लोखंडी कपाट दिलं. चांगलं उंच, राखाडी, दोन दारांचं, आणि दोन्ही दारांवर मिळून लाल रंगात त्यांचं पूर्ण नाव, खाली 'यांच्याकडून सप्रेम भेट'. टेम्पोतून उतरवल्यावर प्रश्न पडला की ठेवायचं कुठे. एका भिंतीला पुस्तकांच्या जुन्या फळ्या होत्या, दुसरीला खिडक्या. आणि गल्लीतून आत येणाऱ्याला नाव वाचता यायला हवं, ही अपेक्षा कोणी बोलून दाखवली नव्हती, पण टेम्पो आणणाऱ्यांनासुद्धा ती कळली होती. तसं बघितलं तर जागा एकच उरत होती. गल्लीच्या दारासमोर, वस्तीकडच्या दाराला पाठ लावून.

"दार बंद करा म्हणत न्हाई मी," दादा मला म्हणाले. "कपाट ठेवा म्हणतो. दुसऱ्या कलमाचं तू बघ. तुझा विषय हाय."

मी बघितलं. त्या मसुद्यावर मी किती मेहनत घेतली हे सांगताना आज लाज वाटते. तेव्हा मजा आली होती. 'दोन दारे राहतील' हे शब्द मी हलवलेसुद्धा नाहीत. 'वाचनाच्या वेळेत दोन्ही उघडी राहतील' याच्या जागी लिहिलं, 'सोयीनुसार उघडी ठेवण्यात येतील'. 'कोणीही कोणत्याही दाराने येईल' याच्या जागी, 'कोणीही उघड्या असलेल्या दाराने येईल'. बस्स. कलम शाबूत, दारही शाबूत. फक्त दारातून जाता येणार नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे दार हाय, पण न्हाई. हे लिहायला कॉलेजात शिकावं लागतंय का?" मी तिला म्हणालो की तुला ड्राफ्टिंगमधलं कळत नाही.

सभा दिवाळीनंतर भरली. साडेअकराला. दादा, त्यांची चार माणसं, पहिल्या दुरुस्तीतल्या दोन महिला सदस्या, भावकीतले एक तात्या, मी आणि गुरुजी. गुरुजींनी ऐंशी पार केली आहे, पण एकही सभा चुकवलेली नाही, आणि ते अकरालाच येतात. रिकाम्या खोलीत अर्धा तास पेपर वाचत बसतात. मी ठराव वाचला. दादांच्या माणसांनी सूचक-अनुमोदक म्हणून हात वर केले. तेव्हा गुरुजींनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं,

"सर, तुमचा विषय आहे म्हणून विचारतो. हे कलम बदलता येतं का?"

त्याच आठवड्यात मी वर्गात मूलभूत संरचनेचा तो जुना खटला शिकवला होता. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद कोणतंही कलम दुरुस्त करू शकते, पण दुरुस्तीच्या नावाखाली घटनेची ओळखच पुसू शकत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं होतं, "सर, मग जे मोडता येत नाही त्याची यादी कुठाय?" यादी पूर्ण अशी कुठेच नाही. न्यायालय एकेका खटल्यात सांगत गेलं: धर्मनिरपेक्षता, संघराज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, मोकळ्या निवडणुका. "मग वळखायचं कसं?" तिने विचारलं. मी म्हणालो, ती गोष्ट काढून बघायची. काढल्यावर उरलेली घटना हीच का, असा प्रश्न पडला तर समजायचं. उत्तर मला आवडलं होतं. मी ते माझ्या टिपणातही उतरवून ठेवलं.

म्हणजे मला उत्तर येत होतं. गुरुजी वाट बघत होते. दादा पंख्याकडे बघत होते.

"येतं, गुरुजी," मी म्हणालो. "दोन तृतीयांश मतं असली की येतं. प्रक्रिया बरोबर आहे."

"मग ठीक," गुरुजी म्हणाले, वही पुढे ओढून त्यांनी सही केली. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी खाली लिहिलं: सर्वानुमते मंजूर. दुपारी चार जणांनी कपाट उचलून दाराला लावलं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी वाचनालयात आले नाहीत.

ते का येत नाहीत हे मला कळत नव्हतं असं मी स्वतःला सांगत राहिलो. थंडी आहे, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय, वय आहे. मग सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं. सवयीने माणसं दोन बाजूंना पांगली, आणि गावाकडची बाजू नळाच्या दिशेने चार पावलं चालून थांबली. कोणाच्या तरी लक्षात आलं. सगळे वळले आणि गल्लीच्या दाराने आत जायला लागले. वस्तीतली माणसं त्याच दाराशी उभी होती. ती बाजूला सरली आणि मागून आत आली. कोणी कोणाला अडवलं नाही. आवाज चढला नाही. चिवडा तोच होता. तात्या माझ्या शेजारी बसले आणि चहा बशीत ओतत म्हणाले,

"लई बेस केलंस बघ. तेवढा वळसा वाचला."

खटल्याच्या सातशे पानांतून मला जे समजलं नव्हतं ते त्या एका वाक्याने समजलं. मी दार बंद केलं तेव्हा कोणाची वाट अडवतो आहे याचा विचार केला होता, आणि कोणाचीच अडत नव्हती, म्हणून निश्चिंत होतो. गल्लीचं दार सगळ्यांना उघडंच होतं. अडवलं नव्हतंच मुळी, सोडवलं होतं. गावाला वर्षातून एकदा वस्तीत पाऊल टाकावं लागत होतं, त्यातून.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर, पेपर नाकाशी धरून बसले होते. पेपर आता ते एसटी थांब्याजवळच्या हॉटेलातून आणवतात, एक दिवस शिळा.

"या, सर," ते म्हणाले.

"गुरुजी, सर नका म्हणू."

"कावून? त्या दिशी सरच होतास की."

शाळेतल्या गुरुजींची भाषा पुस्तकी होती. निवृत्तीनंतर ते घरच्या भाषेत परत आले, आणि माझ्याशी मुद्दाम त्या भाषेत बोलतात, असा माझा संशय आहे.

"चुकलं माझं."

"काय चुकलं? नुसतं चुकलं म्हणणाऱ्याला मी वर्गात काय करायचो?"

"उभं करायचात."

"मग ऱ्हा उभा."

मी उभा राहिलो. पन्नाशीतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. त्यांची सून चहा घेऊन दारात आली, हे बघून परत आत गेली.

"तुम्ही विचारलंत, बदलता येतं का. मी म्हणालो, येतं. दोन तृतीयांशाचं खरं होतं. पण काही गोष्टी तेवढ्या मतांनीही मोडता येत नाहीत, हे मला माहीत होतं. ते मी बोललो नाही."

"कावून बोलला न्हाईस?"

"दादा समोर बसले होते."

"हां. हे बरोबर उत्तर. बस आता." त्यांनी आत हाक मारली, "चहा आण गं. सुटला तो."

चहा पिताना मी विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पेपर वाचतो मी रोज. तुला वाचायला मी शिकवलं, अन् मलाच येत न्हाई वाटलं का?"

"मग तुम्ही का नाही बोललात? सही का केली?"

त्यांनी पेपराची घडी केली. "मी बोललो असतो तर काय म्हणले असते? म्हातारा आपल्या दारासाठी भांडायलाय. आरं, मला त्ये दार कशाला लागतं? गल्लीनं जायला पाय हायेत मला. त्ये दार तुमच्यासाठी होतं. तुमी हिकडं यावं म्हणून. तर त्ये तुमच्यातल्याच कुणीतरी बोलायला पायजे होतं. मी सचिवाला विचारून बघितलं."

मी कप खाली ठेवला. मग विचारलं, "पण पेपर वाचायला तरी यायचं."

"मी दोन दारांच्या वाचनालयाचा सभासद हाय," गुरुजी म्हणाले. "त्ये एका दाराचं दुसरं कुठलं तरी वाचनालय हाय. तिथली माझी पावती न्हाई."

वर्गातल्या त्या मुलीला मी जे उत्तर दिलं होतं, ते हेच होतं. फक्त मी ते टिपणात उतरवून ठेवलं होतं.

पुढची वार्षिक सभा पुन्हा दिवाळीनंतर. मी विषयपत्रिकेवर विषय घातला: दुसरे कलम पूर्ववत करणे. दादांना फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घाल की. लोकशाही हाय." गुरुजींनाही सांगितलं. म्हणाले, "सभेला येतो. वाचायला येत न्हाई."

सभेच्या दिवशी कोणी मोठा नेता हायवेने जाणार होता, आणि दादा हार घेऊन आपल्या माणसांसह मांजरसुंब्याच्या चौकात गेले होते. अकरा वाजले. खोलीत गुरुजी. सव्वाअकराला त्या दोन महिला सदस्या आल्या. साडेअकराला तात्या आले, भिंतीला टेकले आणि डोळे मिटून बसले. मी घड्याळ बघितलं आणि एकदम माझ्या लक्षात आलं. गणपूर्तीचं बंधन नाही. अध्यक्ष गैरहजर, तर उपस्थितांनी आपल्यातून एक निवडावा. माझ्या स्वतःच्या तिसऱ्या दुरुस्तीने आम्ही पाच जण म्हणजे अख्खं वाचनालय होतो. दहा मिनिटांत दार परत आलं असतं, कायदेशीर आणि सर्वानुमते. मी वही उघडली.

"काय करायलाय?" गुरुजींनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हंजी त्यांनी केलं तसंच."

"कायद्याने बरोबर आहे, गुरुजी."

"त्ये मागंबी बरोबरच होतं," ते म्हणाले. "तुझ्या अर्ध्या तासातनं आलेलं दार मला नको. वही मीट. येऊ दे त्यांना."

आम्ही थांबलो. दोन सदस्यांपैकी एक जण घरी जाऊन भाकरी टाकून परत आली. दोनच्या पुढे दादांच्या गाड्या आल्या. सगळे धाब्यावर जेवून आलेले, खोलीभर रश्श्याचा वास. दादा अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि पाठीमागे, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, कपाटावर त्यांचं नाव.

मी उभा राहून बोललो. मागच्या वर्षी मी गुरुजींना अर्धं उत्तर दिलं होतं, उरलेलं आज देतो, म्हणालो. देशाची घटना शंभराहून जास्त वेळा दुरुस्त झाली, सांगितलं. मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, पंचायती आल्या. हे सगळं बदललं आणि देश तोच राहिला. पण काही गोष्टी बदलल्या तर तो तोच राहत नाही. आपल्याकडे ती गोष्ट म्हणजे हे दार.

"असं आपल्या घटनेत कुठं लिव्हलंय?" दादांच्या एका माणसाने विचारलं.

"कुठंच नाही. देशाच्या घटनेतही लिहिलेलं नाही."

खोली हसली. मलाही हसू आलं, कारण बावीस वर्षांत वर्गात हे वाक्य कधी विनोदी वाटलं नव्हतं.

"सर," दादा शांतपणे म्हणाले. सभेत ते मला सर म्हणतात, घरी बे. "कुणाला अडवलंय का आपण? पुढचं दार सगळ्यांना उघडं हाय."

"अडवलं नाही, दादा. आपण तिकडं जायचं थांबलो."

"बरं. मग कपाट कुठं ठेवायचं, त्ये सांगा."

आणि चर्चा कपाटावर गेली. तेरा न्यायाधीशांनी महिनोन्महिने ऐकलेला प्रश्न आमच्या सभेत असा उरला: साडेसहा फुटी कपाट कुठे. फळ्या काढल्या तर? फळ्या गुरुजींच्या काळातल्या. खिडकी बुजवली तर? उजेड जाईल. आडवं ठेवलं तर? नाव वाचता येणार नाही. हे कोणी म्हटलं नाही, नुसते सगळे कपाटाकडे बघायला लागले. तेवढ्यात तात्यांनी डोळे उघडले. त्यांनी किती ऐकलं होतं माहीत नाही.

"आरं मग गल्लीच्या दाराला लावा की," ते म्हणाले. "तिकडची भिंत चांगली रुंद हाय."

मोठा हशा झाला. दादांचे लोक मांड्यांवर थापा मारायला लागले. "तात्या, मग आत यायचं कुठनं?" एकाने विचारलं.

"वस्तीतनं या," तात्या म्हणाले. "कुणी अडवलंय का?"

हशा थांबला. लगेच नाही; कडेकडेने थांबत आला. त्या दोघी सदस्या हसत नव्हत्या. गुरुजी चष्मा पुसत होते. तात्यांना आपण काय बोललो ते कळलं होतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. दादा एकदाही हसले नव्हते. ते म्हणाले, "विषय पुढच्या सभेला घ्या," आणि उठले. मी वहीत लिहिलं: चर्चा झाली. विषय पुढील सभेत. सर्वानुमते हा शब्द सवयीने लिहिला होता, तो खोडला.

या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सगळे गल्लीच्या दाराकडे वळले आणि मी नळाकडे. बायको बरोबर आली. म्हणाली, "एकटेच निघालात तर येड्यासारखं दिसंल. दोघं असलो तर निदान कामाला निघाल्यासारखं दिसंल." नळापाशी वळून बघितलं तर मागे आणखी तिघं येत होते, आणि सगळ्यात मागे काठी टेकत, कुरकुरत तात्या. आम्ही विहारासमोरून, अंगणांतून त्या दारापाशी गेलो. गुरुजी अंगणातच बसले होते.

"बंद हाय त्ये," ते म्हणाले.

"माहीत आहे, गुरुजी. मीच केलंय."

मी दार ठोठावलं. आतून लोखंडाचा पोकळ आवाज आला, कपाटाच्या पाठीचा. मग कोणीतरी ओरडलं, "कोण हाय बे तिकडं?"

"आमी," तात्या म्हणाले.

"पुढून या की!"

"आज हिकडनंच यायचं असतंय!"

आत कुजबुज झाली. मग कपाट फरशीवर ओढल्याचा कर्कश आवाज आला, थांबला, पुन्हा आला. नंतर कळलं, ओढणाऱ्या त्या दोघी सदस्या होत्या. दादा तिथेच उभे होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही, खिशातून फोन काढून बघायला लागले. पुस्तकांनी भरलेलं कपाट दोघींना कितीसं हलणार? कडी निघाली, दार आतल्या बाजूला वीतभर उघडलं आणि अडलं.

आम्ही गुरुजींकडे बघितलं. ते उठून आले, फटीतून आत डोकावले.

"एवढ्यातनं मांजर जाईल," ते म्हणाले.

"तिरकं होऊन जाता येईल, गुरुजी."

"उद्घाटनाच्या दिशी ह्या दारातनं तुझा बाप सरळ आत गेलता. मी आतनं बघितलंय. मी तिरका जाणार न्हाई." आणि ते परत खुर्चीत जाऊन बसले.

सरनामा तसाच झाला. काही आत, काही बाहेर, मधे एक वीत. आतले एक शब्द पुढे होते, बाहेरचे एक शब्द मागे.

कपाट अजून तसंच तिरकं उभं आहे. गल्लीतून आता दादांचं आडनाव दिसत नाही. ते जागेवर ढकला असं दादांनी सांगितलेलं नाही, कारण दारं सोयीनुसार उघडी ठेवायची आहेत आणि कोणाच्या सोयीनुसार, हे मी लिहायचं टाळलं होतं. माझ्या त्या शब्दाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी भलं केलं असावं.

पुढच्या सभेसाठी ठराव तयार आहे. दुसरं कलम गुरुजींनी लिहिलं होतं तसं, अक्षरशः. सूचक म्हणून माझं नाव. सभा अकराला, आणि या वेळी अकराला गणपूर्ती व्हावी म्हणून मी घरोघर फिरतो आहे. अनुमोदक व्हायला गुरुजींनी नकार दिला. "तुमच्यातला आण," म्हणाले. गल्लीतल्या बहुतेक घरांनी मला "बघू" असं उत्तर दिलं आहे, ज्याचा अर्थ मी सचिव म्हणून चांगला जाणतो. काल संध्याकाळी तात्यांकडे गेलो. त्यांनी कागद उलटा-सुलटा बघितला.

"सही करतो," ते म्हणाले, "पण मग दर सालाला मला त्यो वळसा घालावाच लागंल का?"

बावीस वर्षांची सवय आहे. सोयीचं अर्धं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं.

"लागंल, तात्या," मी म्हणालो. "त्यासाठीच हाय त्ये."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "चष्मा कुठं ठेवला बघ गं माझा."

चष्मा सापडला नाही. आज पुन्हा जायचं आहे.